हुर्यो उडण्याआधीचा अ‍ॅडम गुड्स

लालपांढरा (सिडनी)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर ऑस्ट्रेलियातल्या वर्णद्वेषावरून जुंपली होती. त्यात कुणीतरी लिहिलं, "तो नाही का, भाला फेकल्यासारखा नाचलेला फुटबॉलवाला". तो म्हणजे अ‍ॅडम गुड्स. ३७२ सामने, ४६४ गोल, दोन ब्राउनलो मेडलं, दोन विजेतेपदं. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर एक नाच आणि प्रेक्षकांनी उडवलेली हुर्यो. मी सिडनी स्वान्सचा पाठीराखा आहे, तेव्हा तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. पण या माणसाच्या खेळाबद्दल मराठीत काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा उद्योग.

आधी खेळ. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, इथल्या तोंडी 'फूटी'. क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर हिवाळ्यात खेळतात. अठरा विरुद्ध अठरा, लांबुळका चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून पायाने मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हाताने फेकायचा नाही, एका तळहातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा. लांबून मारलेला चेंडू कुणी वरच्यावर झेलला तर तो 'मार्क', मग त्याला निवांत उभं राहून किक मारता येते. ऑफसाइड नाही. वीस-वीस मिनिटांचे चार क्वार्टर, त्यात थांबलेला वेळ वाढवून मिळतो, त्यामुळे प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपास. एका सामन्यात खेळाडू सहज बारा-तेरा किलोमीटर पळतो.

गुड्सचा जन्म ८ जानेवारी १९८० चा, साउथ ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू गावचा. आईकडून तो अड्न्यमथन्हा आणि नरंगा या मूळनिवासी समाजांचा. त्याची आई 'स्टोलन जनरेशन्स'मधली, म्हणजे सरकारी धोरणाखाली ज्या मूळनिवासी मुलांना घरातून उचलून नेलं त्यांच्यापैकी. तिने मुलांना एकटीने वाढवलं. पुढे कुटुंब व्हिक्टोरियात आलं, आधी मर्बीन, मग हॉर्शम. तिथून तो नॉर्थ बॅलरॅट रेबेल्सच्या ज्युनिअर संघात. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवी पोरं आळीपाळीने निवडतात त्यात, त्याचं नाव आलं ४३ व्या क्रमांकावर. आधीच्या ४२ पैकी किती जण आज आठवतात ते तुम्हीच शोधा.

१९९८ चा पूर्ण मोसम तो राखीव संघात. १९९९ ला मुख्य संघात आला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा 'रायझिंग स्टार' पुरस्कार घेतला.

इथून पुढचं मला खरं सांगायचंय. १९१ सेंटिमीटर उंची, पण पाय मधल्या फळीतल्या चपळ पोरांचे. त्याला खेळवायचं कुठे हा प्रशिक्षकांचा गोड प्रश्न होता. २००३ मध्ये तो बराचसा रकमध्ये होता. मैदानाच्या मध्यावर अंपायर चेंडू टाकतो तेव्हा त्यावर झेपावतात ते रकमन, आणि ते सहसा दोन मीटरच्या घरातले धिप्पाड गडी. गुड्स त्यांच्यापेक्षा बुटका. पण उडी मारून चेंडू ठोसल्यावर दोन रकमन एकमेकांत अडकून पडायचे तिथे हा तिसऱ्या सेकंदाला दहा मीटर पुढे. त्या वर्षी ब्राउनलो. २००६ मध्ये मधल्या फळीत, पुन्हा ब्राउनलो. मधेमधे बचावातही खेळला, शेवटच्या वर्षांत फॉरवर्ड. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर एकदा यष्टिरक्षक म्हणून वर्षातला सर्वोत्तम ठरायचं आणि तीन वर्षांनी गोलंदाज म्हणून.

२००५ चा अंतिम सामना. स्वान्स मुळात साउथ मेलबर्नचा क्लब, १९८२ ला सिडनीत हलवलेला. शेवटचं विजेतेपद १९३३ चं. ७२ वर्षांनी वेस्ट कोस्टला चार गुणांनी हरवलं, ५८ विरुद्ध ५४. त्यात लिओ बॅरीने शेवटच्या सेकंदांना घोळक्यावर उडी मारून घेतलेला झेल इथे लहान मुलांनाही पाठ आहे. पुढच्या वर्षी पुन्हा हेच दोन संघ आणि आम्ही एका गुणाने हरलो, त्याबद्दल बोलायचं नाही.

२०१२ चा अंतिम सामना हॉथॉर्नशी. गुड्स तेव्हा सहकर्णधार, वय ३२. सामन्यातच गुडघ्याचा लिगामेंट फाटला. बाहेर बसला नाही. पुढे उभं राहून लंगडत खेळला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये, सामना कुठेही झुकेल अशा वेळी, गोल केला. मिनिटभरही उरलं नसताना निक मॅल्चेस्कीने शेवटचा मारला. ९१-८१.

पुढचं, म्हणजे २०१३ ते २०१५, बहुतेकांना ठाऊक आहे. प्रतिसादांत येईलच.

चहापोळी

छान लिहिलंय. खेळाचे नियम पहिल्यांदाच डोक्यात शिरले. ब्राउनलो म्हणजे नेमकं काय? बॅलन डी'ओरसारखं?

लालपांढरा

थोडं वेगळं. पत्रकार नाही, चाहते नाहीत, प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे अंपायर मतं देतात. सर्वोत्तम तिघांना ३, २, १. मतपेटी मोसमभर बंद, अंतिम सामन्याच्या आठवड्यात एका रात्री सगळी मतं फेरीगणिक वाचून दाखवतात. आणि अट अशी की ज्याच्यावर त्या मोसमात गैरवर्तनासाठी बंदी आली तो अपात्र, मतं कितीही असोत. २००३ ला तिघांची बरोबरी झाली: गुड्स, कॉलिंगवुडचा नेथन बकली आणि अ‍ॅडलेडचा मार्क रिक्युटो, प्रत्येकी २२ मतं. २००६ ला गुड्स एकटाच, २६ मतं.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण "गुड्स फ्री किकसाठी नाटकं करायचा" हा आरोप आता येईलच. ज्यांच्यासमोर नाटकं केली म्हणतात त्याच अंपायरांनी दोनदा 'सर्वोत्तम आणि सर्वात स्वच्छ' ठरवलंय.

पर्थवाला

आलो बघा, बोलावल्यासारखा. :)

वेस्ट कोस्टचा माणूस आहे, २००६ चा एक गुण लाखमोलाचा. गुड्स थोर खेळाडू, वाद नाही. पण हुर्यो म्हणजे वर्णद्वेषच हे मला मान्य नाही. फूटीत सगळ्यांचीच हुर्यो उडते. तिकीट काढून आलेला माणूस विरुद्ध संघाच्या हुकमी खेळाडूला ओरडणारच. शेवटच्या काही मोसमांत तो सहज पडायचा, हे स्वान्सवाले सोडून सगळे बोलायचे. आणि तेरा वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवून तिला बाहेर काढायला लावलं, ते कित्येकांना खटकलं. मूळनिवासी खेळाडू तेव्हाही सत्तरएक होते, त्या सगळ्यांची कुठे हुर्यो उडत होती?

मोगरा (मेल्बर्न)

पर्थवाला, ती मुलगी प्रत्येक वेळी अर्धीच सांगितली जाते, म्हणून पूर्ण लिहिते.

२४ मे २०१३, शुक्रवारची रात्र, एमसीजी. मूळनिवासी खेळाडूंच्या सन्मानाची फेरी त्याच सामन्याने सुरू होत होती. स्वान्स कॉलिंगवुडला धुऊन काढत होते, गुड्स उत्तम खेळत होता. सीमेजवळून 'एप', म्हणजे वानर, अशी हाक आली. तो थांबला, वळला, सुरक्षारक्षकाला बोट दाखवलं. मागे कोण आहे, किती वर्षांचं आहे हे त्याला तेव्हा कुठे माहीत? मुलगी तेरा वर्षांची आहे हे नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी तो पत्रकारांसमोर आला आणि पहिली विनंती कोणती केली, तर तिच्यावर तुटून पडू नका, दोष तिचा नाही, ती जे ऐकत वाढली तेच बोलली, तिला आधार द्या. तिने फोन करून माफी मागितली, पत्र लिहिलं. त्याच्या बाजूने विषय तिथे संपला होता.

न संपवणारे दुसरेच होते. कॉलिंगवुडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये जाऊन त्याची माफी मागून आले. पाचच दिवसांनी रेडिओवर त्यांनीच विनोद केला की किंग काँगच्या संगीतनाटकाच्या जाहिरातीला गुड्सला वापरा. तेराव्या वर्षाच्या मुलीला माफ करता येतं. या गृहस्थांचं वय काय होतं?

लालपांढरा

मोगराताई, +१. त्यात तारखांचा क्रम जोडतो, कारण पर्थवाल्यांच्या मुद्द्याचं उत्तर त्यात आहे.

१९९९ ते २०१२ तो देशभर खेळला, दोन ब्राउनलो घेतली, विरुद्ध संघांना रडवलं. हुर्यो? सगळ्यांची उडते तेवढीच. २०१३ ला तो प्रकार. जानेवारी २०१४ ला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'. त्या निमित्ताने तो बोलला की २६ जानेवारी मूळनिवासींसाठी आक्रमणाचा दिवस आहे, त्यात दुःख आणि राग आहे. त्याच मोसमापासून हुर्यो वाढली. २०१५ मध्ये चेंडू त्याच्या हातात आला रे आला की सुरू. तो काही २०१४ मध्ये अचानक जास्त पडायला लागला नव्हता, जास्त बोलायला लागला होता.

बाकीच्या सत्तर जणांची का नाही, हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तरही हेच.

पर्थवाला

क्रम मान्य. तरी प्रत्येक ओरडणाऱ्याच्या मनात तेच होतं असं म्हणणं मला जड जातं. अर्धे लोक शेजारचा ओरडतो म्हणून ओरडतात.

मोगरा (मेल्बर्न)

शेजारचा का ओरडतोय हे माहीत नसताना ओरडायचं, आणि ज्याच्यावर ओरडतोय तो "मला हे वर्णद्वेषी वाटतं" म्हणाल्यावरही ओरडत राहायचं. बरं.

दादरकर

या विषयात आपण फार वर तोंड करून बोलू नये. ऑक्टोबर २००७, वानखेडे. भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय मालिकेतला शेवटचा सामना. अँड्र्यू सायमंड्सला बघून माकडाचे आवाज आणि हावभाव. आधी बडोद्याला झालं होतं, मग आपल्या मुंबईत. छायाचित्रकारांनी टिपलं, जगभर छापून आलं, पोलिसांनी चौघांवर कारवाई केली. मी त्या दिवशी नॉर्थ स्टँडला होतो. आजूबाजूला सगळे हसत होते. कॉलेजातली पोरं, डबे घेऊन आलेले काका लोक. कुणालाही विचारलं असतं तर म्हणाले असते, छे, गंमत चाललीय, आणि तो नाही का आपल्याला स्लेजिंग करत?

"तो फार माज करतो म्हणून" हे कारण तेव्हाही तयार होतंच.

खवचट खान

मग हरभजनचं काय? सिडनी कसोटी? तेव्हा ऑस्ट्रेलियन मीडियाने...

लालपांढरा

खानसाहेब, मंकीगेटवर धागे शेकड्याने आहेत, तिकडे चला. इथे ती काडी टाकू नका.

दादरकर, वानखेडेचं तुम्ही काढलंत ते बरं झालं, मी लिहू की नको करत होतो. सिराज आठवतो? जानेवारी २०२१, सिडनी क्रिकेट ग्राउंड. सीमारेषेवर त्याला शिव्या दिल्या गेल्या, तो सरळ अंपायरकडे गेला, खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. स्वान्सचं घरचं मैदान तेच. सीमेवर उभ्या खेळाडूने थांबून "हे ऐकून घेणार नाही" म्हणण्याची पद्धत या मैदानांवर पाडली ती मूळनिवासी फूटीपटूंनी.

बखरकार

थोडं इतिहासाचं. मूळनिवासी खेळाडूंची ही मालिका जुनी आहे. सर डग निकल्स १९३० च्या दशकात फिट्झरॉयकडून खेळले. त्याआधी कार्लटनकडे गेले होते, तर रंगामुळे तिथल्या मालिशवाल्याने अंगाला हात लावायला नकार दिला, म्हणून सोडलं. हेच गृहस्थ पुढे १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. १७ एप्रिल १९९३ ला सेंट किल्डाच्या निकी विन्मारने कॉलिंगवुडच्या विक्टोरिया पार्कवर सामना जिंकल्यावर जर्सी वर करून आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवलं. तो फोटो ऑस्ट्रेलियात सगळ्यांना माहीत आहे. १९९५ ला एसेंडनच्या मायकल लाँगने मैदानावर ऐकलेल्या शिवीची रीतसर तक्रार केली, आणि त्यातून लीगचा वांशिक शिवीगाळीविरुद्धचा नियम आला. गुड्स हा त्यापुढचा. फरक असा की आधीचा नियम खेळाडूंसाठी होता. प्रेक्षकांना कोण आवरणार हा प्रश्न गुड्सच्या वेळी उघडा पडला.

अवांतर: या खेळाचे नियम बांधणाऱ्यांपैकी टॉम विल्स हा क्रिकेटपटू. १८५८ मध्ये त्याने पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी अंग हलतं ठेवायला फुटबॉलचा क्लब काढावा. १८६६ च्या बॉक्सिंग डेला एमसीजीवर जो मूळनिवासी क्रिकेट संघ उतरला त्याचा प्रशिक्षक आणि कर्णधार हाच. तो संघ पुढे १८६८ मध्ये चार्ल्स लॉरेन्सच्या हाताखाली इंग्लंडला गेला.

चहापोळी

आणि तो नाच? तो राहिलाच की.

लालपांढरा

२९ मे २०१५, सिडनी क्रिकेट ग्राउंड, कार्लटनविरुद्ध, पुन्हा मूळनिवासी सन्मानाचीच फेरी. गोल केल्यावर तो कार्लटनच्या चाहत्यांच्या दिशेने युद्धनृत्याची चार पावलं नाचला आणि शेवटी हवेतला भाला फेकल्याची खूण केली. ती पावलं त्याने सोळा वर्षांखालच्या मूळनिवासी मुलांच्या 'फ्लाइंग बूमरँग्स' संघाकडून शिकली होती. न्यूझीलंडचा रग्बी संघ दर सामन्याआधी 'हाका' हे माओरी युद्धनृत्य करतो, त्याला लोक टाळ्या वाजवतात. इथे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चर्चा की प्रेक्षकांना धमकावलं का.

मग जुलैत पर्थला वेस्ट कोस्टविरुद्ध (पर्थवाला, इकडे बघू नका) हुर्यो इतकी चढली की सहकारी लुईस जेटाने गोल केल्यावर तोच नाच करून दाखवला. त्या सामन्यानंतर गुड्सने सुट्टी घेतली. पुढचा सामना तो खेळलाच नाही.

मोगरा (मेल्बर्न)

तो पुढचा सामना मी नवऱ्याच्या मागे लागून सिडनीला जाऊन पाहिला. १ ऑगस्ट, अ‍ॅडलेडविरुद्ध. गुड्सची जर्सी ३७ नंबरची. म्हणून ठरलं होतं की तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला उभं राहायचं. मला वाटलं, आपल्याच भागातले चार लोक उठतील. अख्खं मैदान उठलं. खेळ चालूच होता, चेंडू कुठे आहे ते कुणी बघत नव्हतं. आमच्या पुढच्या रांगेत अ‍ॅडलेडच्या जर्सीत एक आजोबा होते, तेही उभे.

पर्थवाला

मोगराताई, टीव्हीवर पाहिलंय ते. पर्थच्या सामन्याबद्दल एवढंच म्हणतो की त्या दिवशी ओरडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना आज कुणी विचारलं तर ते म्हणतील आम्ही आलोच नव्हतो.

बखरकार

तो पुढच्या आठवड्यात परत आला आणि मोसम पूर्ण केला. शेवटचा सामना १९ सप्टेंबर २०१५, नॉर्थ मेलबर्नविरुद्ध बाद फेरीत हार. ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्यांना सांगितलं, संपलं. खांद्यावर घेऊन मिरवणूक नाही, मैदानाला फेरी नाही. अंतिम सामन्याला निवृत्त खेळाडूंना गाडीतून फिरवतात, तिकडेही गेला नाही. २०१९ मध्ये त्या काळावर दोन माहितीपट आले आणि त्याच वर्षी लीग व अठराही क्लबांनी बिनशर्त माफी मागितली. २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेऊ म्हणाले, त्याने नको म्हणून कळवलं.

खवचट खान

हा मात्र माजच. माफी मागितली, सन्मान देताहेत, आणखी काय पाहिजे?

लालपांढरा

खानसाहेब, माफी २०१९ ची. लागत होती २०१५ मध्ये, जून-जुलैत, त्या त्या शनिवारी. तेव्हा लीगचे वरिष्ठ 'हुर्यो वर्णद्वेषी आहे' एवढं साधं वाक्य स्पष्ट म्हणायला आठवडेच्या आठवडे घेत होते. नंतर भिंतीवर तसबीर लावून हिशेब मिटवायचा तर ज्याची तसबीर आहे त्याने तरी हो म्हणायला हवं ना. आणि तो रुसून घरी बसलेला नाही. चुलतभाऊ आणि जुना सहकारी मायकल ओ'लॉफ्लिनबरोबर २००९ मध्ये काढलेलं 'गो फाउंडेशन' मूळनिवासी मुलांना शिष्यवृत्त्या देतं, ते काम चालू आहे. फूटीच्या झगमगाटापासून मात्र तो लांबच राहतो.

दादरकर

त्याच्याशिवाय हॉल ऑफ फेम म्हणजे हॉलचीच पंचाईत.

मैदानवेडा

उशिरा आलो. सगळं वाचलं, पण मूळ मुद्दा खेळाचा होता ना? तर एक खेळाचा प्रश्न. स्वान्सचा सर्वकाळचा सर्वोत्तम कोण? माझं मत लान्स फ्रँकलिन. हजार गोल!

लालपांढरा

वा, हा प्रश्न हवाच होता.

बडी फ्रँकलिन मलाही आवडतो. २५ मार्च २०२२ ला हजारावा गोल मारला तेव्हा हजारो माणसं कुंपण ओलांडून मैदानात शिरली, खेळ अर्धा तास थांबला. कारकिर्दीत एकूण १०६६ गोल, डाव्या पायाने साठ मीटरवरून, धावता धावता. पण हिशेब नीट करा. फ्रँकलिन आमच्याकडे २०१४ ला आला, तयार होऊन, हॉथॉर्नकडून दोन विजेतेपदं घेऊन, नऊ वर्षांच्या आणि एक कोटी डॉलरच्या करारावर. आमच्याकडून विजेतेपद एकही नाही. अंतिम सामने तीन हरले. गुड्स ४३ व्या क्रमांकाचा पोरगा म्हणून आला, ३७२ च्या ३७२ सामने इथेच खेळला, क्लबचा विक्रम आहे तो, दोन विजेतेपदांत मैदानावर होता, क्लबचा सर्वोत्तम खेळाडू तीन वेळा ठरला. गोलांनी मोजायचं तर फ्रँकलिन. पण संघ अडचणीत आहे, रकमन जायबंदी झालाय, मधली फळी थकलीय, बचाव फुटलाय, आणि यांतल्या कुठल्याही जागी पाठवता येईल असा एकच माणूस निवडायचा, तर प्रशिक्षक कुणाकडे बघेल?

मैदानवेडा

हे 'कुठेही खेळू शकतो' वालं तर्कट प्रत्येक खेळात द्रविडवाल्यांचं असतं. =)) बॉब स्किल्टनचं काय? तीन ब्राउनलो आहेत त्याची, आणि ती साउथ मेलबर्नच्या पडत्या काळात.

लालपांढरा

द्रविडवाला आहेच मी. स्किल्टन १९५९, ६३ आणि ६८, बरोबर. पाच फूट सात इंचाचा माणूस, दोन्ही पायांनी सारखाच मारायचा, आणि संघ तळाला असताना. त्याचा खेळ पाहिलेला कुणी इथे असेल तर पुढे या, मी ऐकायला तयार आहे. तोपर्यंत गुड्स एक, स्किल्टन दोन, फ्रँकलिन तीन.

पर्थवाला

तुमच्या यादीत चौथा लिओ बॅरी घाला, त्या झेलाचा राग अजून आहे माझा.